मोशेने ओलांडलेला समुद्र नेमका कोणता?

प्रश्न : ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सामध्ये निर्गम ग्रंथाचा चौदावा अध्याय वाचला जातो. मोशेच्या मागून इस्राएल लोक समुद्रातून कोरड्या वाटेने पलीकडे गेले आणि पाठलाग करणारे फारोचे सैन्य त्यात बुडाले, असे त्यात सांगितले आहे. यंदा आमच्या घरी त्यावरून वाद झाला. ही जागा अकबाच्या आखातात सापडली असून तिथे समुद्रतळावर रथांची चाके मिळाली आहेत, असे एकाचे म्हणणे. तो समुद्र नव्हताच, साधे तळे होते, असे दुसऱ्याचे. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा आहे का?
— एक वाचिका, वसई

उत्तर : एका बिंदूवर बोट ठेवता येणार नाही, पण एक पट्टा मात्र दाखवता येतो. नकाशावर पोर्ट सैदपासून सुएझपर्यंत कालव्याची जी उभी रेघ दिसते, तिच्या उत्तरेकडील अर्ध्या भागात, म्हणजे मंझाला सरोवर आणि तिमसाह सरोवर यांच्या दरम्यान कुठेतरी ही जागा असावी, असे माझे मत आहे. प्राचीन इजिप्तच्या पूर्व सरहद्दीचा अभ्यास करणाऱ्या अनेक संशोधकांचा कलही त्याच बाजूला आहे. तुमच्या घरी दोन्ही पक्षांनी आधी पाण्याचा साठा निवडला आणि मग त्याला रस्ता जोडला. वास्तविक ग्रंथात आधी रस्ता येतो, मुक्कामांच्या नावांसह येतो, आणि पाणी त्या रस्त्याच्या शेवटी येते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही घटना वर्णनाप्रमाणे घडली का, हा निराळा प्रश्न आहे. इजिप्तच्या उपलब्ध लेखांत तिचा उल्लेख नाही. ‘इस्राएल’ हे नाव तिथे निःसंदिग्धपणे आढळते ते मेरेनप्ताह या फारोच्या, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या विजयलेखात, आणि तेही कनान प्रदेशातील एका समाजाचे नाव म्हणून. श्रद्धावान वाचक त्या रात्रीकडे परमेश्वराची कृती म्हणून पाहतो, इतिहासकार तिच्यामागे एखादी लहान घटना असेल का याचा विचार करतो, आणि काही अभ्यासक ती पूर्णतः नंतरची रचना मानतात. या तिघांनाही एक प्रश्न सारखाच विचारता येतो : ज्याने ही कथा सांगितली, त्याच्या डोळ्यांसमोर कोणता भूभाग होता? पुढील विवेचन त्या प्रश्नापुरते आहे.

आता रस्ता पाहू. निर्गम आणि गणना या दोन्ही ग्रंथांनुसार इस्राएल लोक रामसेस नगरातून निघाले, सुक्कोथ येथे आले, तेथून रानाच्या कडेला असलेल्या एथामला गेले. तिथे त्यांना मागे वळण्याची आज्ञा झाली आणि त्यांनी मिग्दोल व समुद्र यांच्यामध्ये, पी-हहीरोथजवळ, बाल-सफोनच्या समोर तळ दिला. रामसेस नगराची जागा आता बऱ्यापैकी निश्चित झाली आहे. फ्रेंच उत्खनक प्येर माँते यांना ते तानिस येथे असावे असे वाटले होते, कारण तिथे दुसऱ्या रामसेसच्या नावाचे दगड ढिगांनी सापडले. पण ते दगड नंतरच्या राजांनी दुसरीकडून उचलून आणलेले होते. मूळ राजधानी पी-रामसेस ही नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागात, आजच्या कंतीर गावाच्या शेतांखाली आहे. तिला लागूनच तेल एद-दबा हे स्थळ आहे, जिथे मान्फ्रेड बीटाक यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रियन पथकाने १९६६ पासून अनेक दशके उत्खनन केले. सुक्कोथ हे नाव इजिप्शियन लेखांतील ‘त्जेकू’ या नावाशी जुळते. हा भाग वादी तुमिलात या पूर्व-पश्चिम पसरलेल्या खोऱ्यात, कंतीरपासून चाळीसेक किलोमीटरवर येतो आणि खोऱ्याचे पूर्वेकडचे तोंड तिमसाह सरोवराकडे उघडते.

या रस्त्यावरून माणसे पळून जात आणि त्यांचा पाठलागही होत असे, याचा एक विलक्षण लेखी पुरावा ब्रिटिश म्युझियममधील एका पपायरसात आहे. ‘अनास्तासी ५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पपायरसात एकोणिसाव्या राजवंशाच्या अखेरचे एक पत्र नकलून ठेवलेले आहे. त्जेकूचा धनुर्धरप्रमुख आपल्या दोन सहकाऱ्यांना कळवतो की, राजवाड्यातून पळालेल्या दोन मजुरांच्या मागावर आपल्याला नवव्या दिवशी संध्याकाळी पाठवण्यात आले. दहाव्या दिवशी आपण त्जेकूच्या तटबंदीशी पोचलो तेव्हा ते दोघे पुढे निसटले असल्याचे समजले. आणि किल्ल्यापाशी आल्यावर वाळवंटातून आलेल्या मोतद्दाराकडून कळले की, ते ‘सेतीच्या मिग्दोल’च्या उत्तरेकडील तट ओलांडून गेले. पत्राच्या शेवटी तो विचारतो : त्यांचा माग कोणाला लागला, कोणत्या पहाऱ्याला लागला, कोणकोण त्यांच्या पाठीवर गेले आहेत, ते सर्व लिहून कळवा. राजधानी, त्जेकू, मिग्दोल : निर्गमातील मुक्कामांचा क्रम इथे तसाच उतरला आहे. हे पत्र इस्राएल लोकांविषयी नाही, हे उघड आहे. पण पळणाऱ्यांची वाट कोणती आणि सरहद्दीवरची ठाणी कोणती, हे त्यातून दिसते.

मिग्दोल म्हणजे बुरूज किंवा गढी, त्यामुळे त्या नावाची ठाणी एकाहून अधिक असू शकतात. तरीही ती सरहद्दीवरच असणार. सरहद्दीचा मुख्य किल्ला त्जारू हा होता. कालव्याच्या पूर्वेस, कंतारा गावाजवळच्या तेल हेबुआ येथे मोहम्मद अब्द एल-मक्सूद यांनी केलेल्या उत्खननात तो सापडला. कर्नाकच्या मंदिरात पहिल्या सेतीच्या मोहिमेचा जो शिल्पपट आहे त्यात हीच सरहद्द कोरलेली आहे : दोन्ही काठांना वेतासारखे गवत माजलेला, सुसरींनी भरलेला पाण्याचा पाट, त्यावरचा पूल, आणि पलीकडे सिनाईच्या उत्तर किनाऱ्याने गाझाकडे जाणाऱ्या वाटेवरची एकामागून एक ठाणी. निर्गम ग्रंथात ‘पलिष्ट्यांच्या देशाची वाट जवळची असूनही देवाने त्यांना त्या वाटेने नेले नाही, लढाई पाहून ते माघारी फिरतील’ असे जे कारण दिले आहे, ते या ठाण्यांची रांग पाहिल्यावर सहज पटते.

बाल-सफोनमुळे मात्र अभ्यासक फुटले. बाल-सफोन हा वादळाचा आणि खलाशांचा कनानी देव. त्याचे ठाणे जिथे जिथे सिरियाकडचे व्यापारी वसले तिथे तिथे असणे शक्य होते. इ.स.पू. सहाव्या शतकातील एका फिनिशियन पत्रात तहपनहेसच्या, म्हणजे आजच्या तेल देफेन्नेच्या, देवांबरोबर त्याचे नाव आले आहे, आणि त्याच्या आधारे विल्यम ऑल्ब्राइट यांनी बाल-सफोन तिथे ठेवला. जर्मन पंडित ओटो आइसफेल्ट यांनी १९३२ मध्ये तो थेट भूमध्य समुद्राच्या काठी, बर्दविल सरोवराच्या वाळूच्या बांधावर नेला. ग्रीक लेखक दिओदोरस याने या सरोवराच्या दलदलीत वाऱ्याने वाळू पसरून जमिनीचा भास होतो आणि सैन्येच्या सैन्ये गडप होतात असे लिहून ठेवले आहे; पर्शियाच्या तिसऱ्या अर्तहशश्त राजाने इ.स.पू. चौथ्या शतकात तिथे फौजेचा काही भाग गमावल्याचेही तोच सांगतो. कथेला साजेसे ठिकाण याहून दुसरे नसेल. अडचण एवढीच की, हा बांध नेमका त्याच किनारी दिशेला पडतो, जी टाळण्यात आली असे ग्रंथ म्हणतो.

आता पाण्याकडे वळू. मूळ हिब्रू मजकुरात ‘याम सूफ’ असे नाव आहे आणि ‘सूफ’ हाच शब्द बाळ मोशेची पेटी नदीकाठच्या ज्या लव्हाळ्यांत ठेवली त्यांच्यासाठी आला आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे तांबडा समुद्र हे भौगोलिक नाव घातले, तेथून ते लॅटिनमध्ये आणि पुढे आपल्या मराठी बायबलपर्यंत आले. इजिप्शियन लेखांत ‘पा-त्जूफी’ नावाचा लव्हाळ्यांचा दलदली प्रदेश पूर्व त्रिभुज प्रदेशातच येतो आणि पी-रामसेस नगराला पपायरसची रोपे तिथून पुरवली जात असल्याचा उल्लेख आहे. तेल एल-बोर्ग येथे उत्खनन करणारे जेम्स हॉफमायर यांनी या सर्वांचा मेळ घालून मंझाला आणि तिमसाह यांच्यामधली बल्लाह सरोवरे सुचवली. केनेथ किचन यांनी बल्लाहपासून तिमसाह आणि त्याच्या दक्षिणेकडील कडू सरोवरांपर्यंतचा पट्टा धरला. माझा कल हॉफमायर यांच्याकडे आहे, कारण त्यांचा तर्क नावाच्या जुळणीवर थांबत नाही, त्या काळी पाणी आणि किल्ले कुठे होते हे जमिनीत उकरून पाहण्यावर तो उभा आहे.

मात्र ‘लव्हाळ्यांचे तळे’ म्हटले की वाद मिटला, असे मानणाऱ्यांनी दोन ठिकाणे वाचावीत. पहिल्या राजे ग्रंथाच्या नवव्या अध्यायात शलमोनाचा जहाजांचा ताफा एलोथजवळ याम सूफच्या काठी बांधला जातो, आणि हे ठिकाण निर्विवादपणे अकबाच्या आखाताचे टोक आहे. दुसरे म्हणजे गणना ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायातील मुक्कामांची यादी : तिच्यात आधी समुद्र ओलांडला जातो, मग तीन दिवसांची चाल, मारा, बारा झरे व सत्तर खजुरीची झाडे असलेले एलीम, आणि त्यानंतर याम सूफच्या काठी मुक्काम येतो. म्हणजे या यादीपुरते ओलांडलेले पाणी आणि याम सूफ ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. एकच नाव सरहद्दीवरच्या दलदलीपासून खाली आखातापर्यंत सैलपणे वापरले जात असावे, हा मला त्यातल्या त्यात सरळ उलगडा वाटतो.

तुमच्या घरच्या पहिल्या पक्षाला शलमोनाच्या ताफ्याचा आधार घेता येतो, तेव्हा अकबाचा दावा केवळ नावामुळे फेटाळता येत नाही. तो अंतर आणि खोली यांच्यापुढे टिकत नाही. सिनाईच्या पूर्व किनाऱ्यावरील नुवैबा हे स्थळ वादी तुमिलातपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे, मध्ये डोंगराळ वाळवंट आहे, आणि ग्रंथ मात्र सुक्कोथ व समुद्र यांच्यामध्ये दोनच मुक्काम सांगतो. नुवैबासमोर आखाताची खोली ७०० मीटरच्या पुढे जाते. चाकांची गोष्ट अमेरिकेतील रॉन वायट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरवली. व्यवसायाने ते भूल देणारे परिचारक होते. नोहाचे तारू आणि कराराचा कोश सापडल्याचेही त्यांनी जाहीर केले होते. या चाकांपैकी एकही कोणत्याही संग्रहालयात तपासणीला उपलब्ध नाही. छायाचित्रांत दिसतात ती गोलसर वाढलेली प्रवाळे. इजिप्तचे रथ लाकूड, कातडे आणि दोरबंद यांचे, दोन माणसांना उचलता येतील इतके हलके असत; तूतनखामेनच्या थडग्यातील सहा रथ टिकले ते कोरड्या अंधाऱ्या खोलीत होते म्हणून. उबदार खाऱ्या पाण्यात उघडे पडलेले लाकूड समुद्री कीड काही वर्षांत फस्त करते.

प्रश्न : आमच्याकडे ओहोटीच्या वेळी लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात आणि वेळ चुकली की अडकतात. समुद्र दुभंगण्याचा प्रकारही अशाच भरती-ओहोटीचा असेल का? की ग्रंथात म्हटल्याप्रमाणे तो वाऱ्याचा परिणाम होता?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : ही शंका तुमच्या आधी दोन हजार वर्षांपूर्वीच घेतली गेली आहे. आर्तापानुस नावाच्या ज्यू लेखकाचे काही उतारे चौथ्या शतकातील बिशप युसेबियस याने जपून ठेवले आहेत. त्यात असे आहे की, मोशेला त्या प्रदेशाची माहिती होती, त्याने ओहोटीची वाट पाहिली आणि लोकांना पलीकडे नेले, असे इजिप्तमधल्या मेम्फिस नगराचे लोक सांगतात. हेलिओपोलिसचे लोक मात्र त्याने काठीने पाणी दुभंगले असे सांगतात. तुमच्यासारखा अलिबागकर मेम्फिसच्या बाजूने उभा राहणार, हे समजण्यासारखे आहे.

ओहोटीचा तर्क लागू पडायचा तर जागा सुएझच्या आखाताच्या टोकाला असावी लागते. तिथे उधाणाला पाण्याची चढउतार दीड ते दोन मीटर होते आणि सुएझ शहराजवळ जुन्या काळी उथळ पायवाट होती. २८ डिसेंबर १७९८ रोजी नेपोलियन पलीकडच्या ‘मोशेच्या विहिरी’ पाहून त्याच वाटेने परतत असताना अंधार आणि भरती एकदम आली, आणि तो व त्याचे सोबती बुडता बुडता वाचले. हा प्रसंग ओहोटीवाल्यांच्या हातातले मोठे हत्यार आहे. तरी दोन गोष्टी आड येतात. रोजच्या भरतीचे वेळापत्रक मोशेला ठाऊक आणि तिथेच ठाणी राखणाऱ्या इजिप्शियन सैन्याला ठाऊक नाही, हे मानणे अवघड आहे. शिवाय उत्तरेकडच्या सरोवरांना हा तर्क लागूच होत नाही, कारण भूमध्य समुद्राची भरती पोर्ट सैदला अर्धा मीटरही चढत नाही.

ग्रंथ रात्रभर वाहणाऱ्या जोरदार पूर्वेच्या वाऱ्याचे नाव घेतो, आणि उथळ पाण्यावर वाऱ्याचा असा परिणाम खरोखर होतो. वारा एकाच दिशेने तासन्तास वाहत राहिला की पाणी एका काठाकडे ढकलले जाते आणि दुसऱ्या काठाचा तळ उघडा पडतो. वारा थांबला की तेच पाणी लोटासारखे परत येते. ब्रिटिश लष्करी अधिकारी अलेक्झांडर टुलोक यांनी १८८२ मध्ये मंझाला सरोवराच्या काठी हे स्वतः पाहिले : रात्रभराच्या पूर्व वाऱ्यानंतर सकाळी सरोवर क्षितिजाकडे सरकलेले होते आणि होड्या चिखलात बसल्या होत्या. पाणी उथळ असणे ही यातली मुख्य अट आहे. शेकडो मीटर खोल आखातावर कितीही वारा सुटला तरी तळ दिसत नाही.

याचे गणितही मांडले गेले आहे. डोरोन नोफ आणि नेथन पाल्डोर या समुद्रवैज्ञानिकांनी १९९२ मध्ये सुएझच्या आखाताचा हिशोब केला. सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा सुमारे दिवसभर आखाताच्या लांबीने वाहिला तर टोकाचे पाणी अडीच मीटर उतरते आणि किनारा एक किलोमीटरहून अधिक मागे हटतो. पण आखाताची लांबी वायव्य-आग्नेय आहे, त्यामुळे त्यांचा वारा वायव्येचा आहे, पूर्वेचा नव्हे. २०१० मध्ये कार्ल ड्रूझ आणि वेचिंग हान यांनी त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व टोकाला, नाईलची जुनी शाखा जिथे सरोवराला मिळत असे त्या जागेचे प्राचीन रूप संगणकावर उभे केले. तिथे सेकंदाला २८ मीटर वेगाचा पूर्व वारा बारा तास वाहिल्यास सुमारे दोन मीटर खोल पाणी हटून ३ ते ४ किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद चिखलाची वाट चार तास उघडी राहते, असे उत्तर निघाले. दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये वाट, हे वर्णन इथे चांगले जुळते.

मला यात एक गोष्ट खटकते. सेकंदाला २८ मीटर म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी तुमच्या जिल्ह्यात शिरले ते साधारण याच वेगाने. अशा वाऱ्याला तोंड देत लेकरे, म्हातारी माणसे आणि गुरे घेऊन चिखलातून तीन किलोमीटर चालायचे, हे गणितात बसले तरी पायांना जमेल का? वारा थोडा निवळल्यावर ते निघाले, असे म्हणावे तर वाट मिटायला लागलेली असते. त्यात ग्रंथ केवळ पुरुषच सहा लाख होते असे सांगतो, म्हणजे सारा समुदाय वीस लाखांच्या घरात जातो, आणि तो चार तासांत पलीकडे जाणे अशक्यच आहे. हा अभ्यास जागा सिद्ध करत नाही; त्या सरोवरांत असे घडू शकते एवढे तो दाखवतो, आणि तेवढ्यापुरता तो मोलाचा आहे.

प्रश्न : इजिप्तच्या सहलीत मार्गदर्शकाने आम्हाला सुएझच्या पलीकडे ‘ऊयून मूसा’, म्हणजे मोशेच्या विहिरी, दाखवले आणि समुद्र इथेच ओलांडला असे सांगितले. तुमच्या म्हणण्याशी हे जुळत नाही. ही परंपरा किती जुनी आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : परंपरा जुनी आहे, पण कथेइतकी जुनी नाही. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात इगेरिया नावाची ख्रिस्ती यात्रेकरू सिनाईहून परतताना क्लिस्मा या बंदराला गेली होती. क्लिस्मा म्हणजे आजच्या सुएझजवळचे ठिकाण, आणि तेव्हा यात्रेकरूंना ओलांडण्याची जागा म्हणून तेच दाखवले जाई. पाचव्या शतकात ओरोसियस आणि सहाव्या शतकात कोस्मास यांनी फारोच्या रथांच्या चाकोऱ्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरताना अजून दिसतात, असे लिहिले आहे. बुडालेल्या रथांचा पुरावा दाखवण्याची हौस अशी दीड हजार वर्षांची आहे. तेव्हा चाकोऱ्या दाखवत, आता चाके दाखवतात. हा कोस्मास आपल्याला परका नाही. व्यापारी म्हणून फिरलेल्या या माणसाने पश्चिम भारतातील ‘कल्लियाना’ बंदराची आणि तिथल्या ख्रिस्ती बिशपची नोंद केली आहे, आणि ते बंदर म्हणजे आपले कल्याण, असे सहसा मानले जाते.

क्लिस्मा निवडले जाण्याचे कारण व्यावहारिक दिसते. ग्रीक बायबलमध्ये तांबडा समुद्र असे नाव होते, सिनाई पर्वताकडे जाणारी यात्रेची वाट तिथूनच जात होती, आणि पलीकडच्या काठावर पाण्याचे झरे होते, ज्यांना मारा किंवा एलीम म्हणणे सोयीचे होते. ऊयून मूसा पाहण्यात काहीच चूक नाही. तिथे शतकानुशतके यात्रेकरू येत राहिले, हाही इतिहासच आहे.

बल्लाहकडे जाऊन मात्र पाहण्यासारखे फारसे काही नाही. १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा याच सरोवरांच्या रांगेतून खोदला गेला. कोरडे मिठागर होऊन पडलेल्या कडू सरोवरांत त्याने पुन्हा पाणी आणले, आणि बल्लाहचा उथळ विस्तार आटवला. पुढे नाईलचे पाणी सिनाईत नेणाऱ्या शांती कालव्याच्या कामामुळे तेल एल-बोर्गसारख्या टेकाडांचे उत्खनन घाईने उरकावे लागले. त्या परिसरात एखाद्या ठाण्याच्या दगडावर पी-हहीरोथशी जुळणारे नाव कोरलेले मिळाले, तर आज पट्ट्यावर ठेवलेले बोट एका सरोवरावर आणता येईल.